हृदयाची तब्येत आणि मित्रांची साथ: स्मार्टवॉच, फोन आणि चालणाऱ्यांचा ग्रुप, बुलढाण्यातल्या तरुणांसाठी संपूर्ण माहिती

खामगाव असो की चिखली, मलकापूर असो की मेहकर, आज विशी-पंचविशीतल्या जवळपास प्रत्येक कट्ट्यावर कोणाच्या तरी मनगटावर स्मार्टवॉच दिसतंच. दीड-दोन हजारात मिळणारं हे घड्याळ पावलं मोजतं, हृदयाचे ठोके दाखवतं, झोपेचा हिशोब ठेवतं. पण पहिले पंधरा दिवस आकडे बघून झाले की पुढे काय? बऱ्याच जणांचं घड्याळ नंतर फक्त वेळ बघायला आणि कॉल कोणाचा आहे ते पाहायला उरतं.

या लेखात आपण तीन गोष्टी समजून घेणार आहोत. ही यंत्रं हृदयाबद्दल नेमकं काय मोजतात, त्यातल्या कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवायचा, आणि या सगळ्याचा वापर करून चार-पाच मित्रांचा टिकणारा ग्रुप कसा बांधायचा. तिसरा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. मोजणं हे यंत्राचं काम, पण बोलावणं हे माणसाचंच काम आहे.

हृदयाचा आजार म्हाताऱ्यांचा, मग आत्ताच काळजी कशाला?

हा सगळ्यात मोठा गैरसमज. ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' या अभ्यासाचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या हार्ट अटॅकच्या धोक्यातला ९० टक्क्यांहून जास्त वाटा नऊ गोष्टींचा आहे, असं त्यात दिसलं. धूम्रपान, रक्तातली वाईट चरबी, बीपी, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळं-भाज्या कमी खाणं, व्यायाम नसणं आणि दारूशी संबंधित सवय. याच अभ्यासातल्या दक्षिण आशियाई लोकांची आकडेवारी २००७ मध्ये वेगळी मांडली गेली. आपल्याकडे पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी, तर इतर देशांत साधारण ५९ व्या वर्षी येत होता. म्हणजे आपण जवळपास सहा वर्षं आधीच त्या रांगेत उभे राहतो.

आता दुसरी गोष्ट. सरकारी योजनेत बीपी, शुगरची घरोघरी नोंद आणि तपासणी ३० वर्षांवरच्या लोकांची होते. आशाताई फॉर्म भरायला घरी येतात तेव्हा तो आई-बाबांचा, आजी-आजोबांचा असतो. २२ वर्षांच्या मुलाला कोणी विचारत नाही, आणि तोही स्वतःहून बीपी मोजायला जात नाही. पण रक्तवाहिन्या खराब व्हायची सुरुवात याच वयात, गुपचूप होते. बीपी वाढलेलं असतं तेव्हा बहुतेक वेळा काहीही दुखत नाही.

एकटेपणाचा हृदयाशी काय संबंध?

हे वाचून काहींना आश्चर्य वाटेल, पण संबंध आहे. २०१६ मध्ये 'हार्ट' या वैद्यकीय नियतकालिकात २३ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. ज्यांचे नातेसंबंध कमी किंवा कमकुवत होते, त्यांच्यात हृदयविकाराचा धोका २९ टक्के आणि पक्षाघाताचा धोका ३२ टक्के जास्त दिसला. हे निरीक्षणातून आलेले आकडे आहेत. एकटेपणामुळेच आजार झाला असं त्यातून थेट सिद्ध होत नाही. पण दोन्ही गोष्टी सोबत चालतात, हे स्पष्ट आहे. एकटा माणूस कमी हिंडतो-फिरतो, झोप बिघडते, व्यसन वाढतं, आणि छातीत दुखलं तर 'चल दवाखान्यात' म्हणणारं शेजारी कोणी नसतं.

जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२५ मध्ये या विषयावर अहवाल दिला. जगात दर ६ माणसांमागे १ जण एकाकीपणा अनुभवतो, आणि १३ ते २९ या वयात हे प्रमाण १७ ते २१ टक्के आहे. दिवसभर फोनवर असणारी पिढीच एकाकी वाटण्यात पुढे आहे.

आपल्या जिल्ह्याचं चित्र वेगळं नाही. कोणी शिक्षणाला पुण्यात, कोणी कंपनीत छत्रपती संभाजीनगरला, कोणी स्पर्धा परीक्षेसाठी अभ्यासिकेत सकाळपासून रात्रीपर्यंत एका खुर्चीवर. गावात राहिलेल्या पोराचे मित्र बाहेर गेलेले, आणि बाहेर गेलेल्याचे मित्र गावात राहिलेले. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये ८० जण असतात, पण संध्याकाळी बोलायला एकही नाही.

आणि जिथे भेट होते ती जागा बऱ्याचदा पानटपरी. खर्रा, गुटखा, सिगारेट. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी सवय सुटलेली नाही. तंबाखूतलं निकोटीन ठोके आणि बीपी दोन्ही वाढवतं. म्हणजे मैत्री टिकवायची जागाच हृदयाला त्रास देणारी. 'टपरी सोड' असं नुसतं सांगून उपयोग होत नाही, कारण मग भेटायचं कुठे? भेटायची दुसरी जागा आधी तयार करावी लागते.

स्मार्टवॉच हृदयाचे ठोके कसं मोजतं?

घड्याळ उलटं करून बघा. मागे हिरवा दिवा लुकलुकताना दिसेल. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. प्रत्येक ठोक्याला मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्यांमध्ये रक्त वाढतं, तेव्हा कमी प्रकाश परत येतो. दोन ठोक्यांच्या मध्ये रक्त कमी असतं, तेव्हा जास्त प्रकाश परत येतो. शेजारचा सेन्सर हा चढ-उतार टिपतो आणि त्यावरून मिनिटाला किती ठोके ते काढतो.

पावलं मोजणारा सेन्सर वेगळा. तो हालचालीचा झटका ओळखतो. म्हणूनच खड्ड्यांच्या रस्त्यावर गाडी चालवताना कधी कधी फुकटची पावलं वाढतात, आणि डोक्यावर ओझं धरून चाललात तर हात न हलल्यामुळे मनगटावरच्या घड्याळात पावलं कमी दिसतात.

कोणता आकडा किती खरा?

• बसून असतानाचे ठोके: बऱ्यापैकी भरवशाचे. पट्टा सैल नको, घड्याळ मनगटाच्या हाडाच्या जरा वर हवं. मोठ्या माणसाचे आरामात असतानाचे ठोके साधारण ६० ते १०० असतात. रोज पळणाऱ्यांचे त्याहून कमी असू शकतात.

• पळतानाचे ठोके: घाम, हलणारा पट्टा आणि मनगटावरचं टॅटू यामुळे चुकू शकतात. अंदाज म्हणून ठीक.

• पावलं: रोजची तुलना करायला चांगली. बाकी १०,००० पावलांचा आकडा कुठल्या औषधाच्या डोससारखा ठरलेला नाही. १९६५ मध्ये जपानमधल्या यामासा कंपनीने पावलं मोजायचं यंत्र काढलं आणि त्याचं नाव ठेवलं 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. तिथून तो आकडा जगभर गेला. तुम्ही आज ३,००० चालत असाल तर ५,००० हीसुद्धा मोठी प्रगती आहे.

• बीपी: स्वस्त घड्याळातल्या बीपीवर विसंबू नका. हाताला पट्टा गुंडाळून मोजलेलं बीपीच खरं धरायचं. सॅमसंगसारख्या कंपनीच्या घड्याळातही बीपी बघायचं तर दर चार आठवड्यांनी आधी पट्ट्याच्या मशीनने मोजून ते जुळवून घ्यावं लागतं.

• शुगर: सुई न टोचता शुगर दाखवणारं घड्याळ म्हणजे शुद्ध फसवणूक समजा. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने अशा घड्याळांपासून लोकांना सावध केलं होतं.

• ईसीजी: काही महागड्या घड्याळांत ही सोय आहे. त्यातून ठोक्यांची अनियमितता कळू शकते, पण हार्ट अटॅक ओळखता येत नाही. छातीत दुखत असताना घड्याळ 'सगळं ठीक' दाखवतंय म्हणून घरी थांबू नका.

घड्याळ नसेल तर? काहीच अडत नाही. अंगठ्याच्या खाली मनगटावर दोन बोटं ठेवा, १५ सेकंद ठोके मोजा आणि ४ ने गुणा. झालं.

किती चालायचं, किती वेगाने?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम, किंवा ७५ मिनिटं जोरदार व्यायाम करावा. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास भरभर चालणं. गुगल फिट ॲपमधले 'हार्ट पॉइंट्स' याच हिशोबावर बेतलेले आहेत. मध्यम व्यायामाच्या मिनिटाला एक गुण, जोरदार व्यायामाच्या मिनिटाला दोन गुण.

मध्यम म्हणजे किती? यासाठी घड्याळही लागत नाही. चालताना तुम्ही बोलू शकता, पण गाणं म्हणू शकत नाही, तर तो वेग मध्यम. चार शब्दांनंतर दम लागतोय, तर जोरदार. पण या चाचणीत एक गंमत आहे. बोलून बघायला सोबत कोणीतरी लागतं!

ग्रुपने चालल्याने खरंच फरक पडतो का?

हो, आणि तो मोजलेला आहे. २०१५ मध्ये इंग्लंडच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठातल्या संशोधकांनी चालणाऱ्यांच्या ग्रुपवरचे ४२ अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यात १,८४३ लोक होते. ग्रुपने नियमित चालणाऱ्यांचं वरचं बीपी सरासरी ३.७२ ने, आणि आरामातले ठोके मिनिटाला सुमारे ३ ने कमी झाले. उदासपणाही कमी झाला. आणि ग्रुप सोडून जाणारे कमी होते. व्यायामात हीच तर खरी अडचण असते. सुरू सगळेच करतात, टिकवतात थोडेच.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण: मोताळ्याचं सिंदखेड

सिंदखेड म्हटलं की आपल्याला जिजाऊंचं सिंदखेडराजा आठवतं. हे सिंदखेड वेगळं, मोताळा तालुक्यातलं. पानी फाउंडेशनची 'सत्यमेव जयते वॉटर कप' स्पर्धा २०१८ मध्ये ८ एप्रिल ते २२ मे अशी ४५ दिवस चालली. २४ जिल्ह्यांतले ७५ तालुके त्यात होते. साताऱ्याच्या टाकेवाडीला पहिला क्रमांक मिळाला, आणि दुसरा क्रमांक साताऱ्याच्याच भांडवलीसोबत आपल्या सिंदखेडला विभागून मिळाला.

ही स्पर्धा पाण्यासाठी होती. तिथे कोणी कोणाचं बीपी मोजलं नाही, आणि आपणही तसा दावा करायला नको. पण ऐन एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात माणसं कुदळ-फावडं घेऊन रोज एकत्र कशी येतात, हे समजून घेण्यासारखं आहे. जिम लावून आठवड्यात सोडणाऱ्या पोरांपेक्षा तिथे काय वेगळं होतं?

१. मुदत ठरलेली होती. कायमचं नाही, ४५ दिवस.
२. काम मोजलं जात होतं. कामाला गुण होते, आणि खोदलेला चर डोळ्यांना दिसत होता.
३. सोबत होती. शेजारी आला म्हणून आपणही गेलो.

आता कुठलंही चांगलं फिटनेस ॲप उघडून बघा. त्यात याच तीन गोष्टी असतात: ठरावीक दिवसांचं चॅलेंज, मोजणी आणि मित्रांची यादी. फरक एवढाच की ॲपमधली पहिली दोन आपोआप चालतात. तिसरी आपल्याला उभी करावी लागते.

आपल्याकडे याची परंपराही आहेच. शेगावहून संत गजानन महाराजांची पालखी महिनाभर चालून पंढरपूरला जाते. परतीच्या शेवटच्या टप्प्यात खामगाव ते शेगाव हजारो लोक पालखीसोबत पायी चालतात, आणि त्यात तरुण मोठ्या संख्येने असतात. एकट्याला जे अंतर अवघड वाटतं, ते सोबतीने कधी संपतं ते कळत नाही. प्रश्न फक्त उरलेल्या ३६४ दिवसांचा आहे.

तंत्रज्ञान कामाला कसं लावायचं? वर्ध्या-साताऱ्याचा धडा

२०१७ च्या शेवटी देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक सरकारी उपक्रम सुरू झाला. पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातले भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे होते. त्यात 'सिंपल' नावाचं ॲप वापरलं गेलं. सिस्टर रुग्णाच्या कार्डवरचा क्यूआर कोड स्कॅन करते, बीपी टाकते, औषध आणि पुढची तारीख नोंदवते. इंटरनेट नसलं तरी चालतं.

पण या ॲपमधली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे न आलेल्यांची यादी. तारीख उलटली तरी कोण आलं नाही ते ॲप दाखवतं, आणि मग माणूस माणसाला फोन करतो. ॲपने आठवण दिली, फोन सिस्टरने केला. आपल्या ग्रुपलाही नेमकं हेच लागू करायचं आहे.

चार आठवड्यांत ग्रुप कसा बांधायचा?

पायरी १: चार ते सहा जण निवडा. मोठा ग्रुप नको. ५० जणांच्या ग्रुपमध्ये कोण आलं नाही ते कोणाला कळत नाही. सहात लगेच कळतं.

पायरी २: वेळ आणि जागा एकदाच ठरवा. तालुका क्रीडा संकुल, शाळेचं मैदान, गावाबाहेरचा कमी रहदारीचा रस्ता, काहीही चालेल. घाटाखाली, म्हणजे मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद या पट्ट्यात, उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत आटपा. घाटावर हवा जरा बरी, पण नियम तोच ठेवा.

पायरी ३: व्हॉट्सॲपवर वेगळा ग्रुप करा. आदल्या रात्री एक पोल टाका: 'उद्या ६ वाजता: येतो / येत नाही'. गुड मॉर्निंगचे फोटो, राजकारण आणि रील्स बंद. ॲडमिनने हे पहिल्याच दिवशी सांगून टाकावं.

पायरी ४: फोन करणारा ठरवा. दर आठवड्याला एक जण. सलग दोन दिवस जो आला नाही त्याला मेसेज नाही, फोन करायचा. 'का नाही आलास' असं विचारायचं नाही, 'बरा आहेस ना' असं विचारायचं.

पायरी ५: आकडे सगळ्यांचे मिळून मोजा. कोण पहिला, कोण शेवटचा अशी यादी लावली की शेवटचा आठवडाभरात ग्रुप सोडतो. त्यापेक्षा 'या आठवड्यात आपण सगळे मिळून ९०० मिनिटं' असं लक्ष्य ठेवा. सहा जण गुणिले १५० मिनिटं, हिशोब बरोबर बसतो.

पायरी ६: महिन्यातून एकदा सगळ्यांचं बीपी. जवळच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात मोजून घ्या. नाहीतर वर्गणी काढून एक पट्ट्याचं डिजिटल मशीन घ्या. मोजण्याआधी अर्धा तास चहा आणि तंबाखू नाही. पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीवर. दोनदा मोजा. वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याहून जास्त आलं तर डॉक्टरांकडे जा. १२० आणि १४० च्या मध्ये असेल तर मीठ, झोप, तंबाखू आणि चालणं यांकडे लक्ष द्या.

शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद भागातल्या खारपाणपट्ट्यातल्या मित्रांनी बीपी मोजणं अजिबात टाळू नये. बीपी आणि किडनी यांचं नातं दुहेरी आहे. एक बिघडलं की दुसरं बिघडतं.

भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी खास सूचना

जिल्ह्यात पोलीस आणि सैन्य भरतीसाठी पहाटे पळणारी पोरं-पोरी भरपूर आहेत. तुमचा ग्रुप आधीच आहे, तुम्ही फक्त एवढं पाळा:

• पळताना कधी चक्कर येऊन पडला असाल, छातीत दुखलं असेल किंवा घरात कोणी कमी वयात अचानक गेलं असेल, तर १६०० मीटरचा टायमिंग कमी करण्याआधी डॉक्टरांना दाखवून ईसीजी काढा.
• ताप असताना पळू नका.
• लेबल नसलेली पावडर, कोणी सांगितलेलं इंजेक्शन आणि पळण्याआधीचं एनर्जी ड्रिंक टाळा.
• भरती झाली किंवा नाही झाली, तरी ग्रुप मोडू नका. निकालानंतरचे दिवसच सगळ्यात एकटे असतात.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवसभर शेतात काम करतो, वेगळं चालायची गरज आहे का?
निंदण, खोदकाम, पोती उचलणं हे सगळं व्यायामातच धरलं जातं. ट्रॅक्टरवर बसणं मात्र धरू नका. कामाचा हंगाम संपल्यावर जे रिकामे महिने येतात, तेव्हा ग्रुप उपयोगी पडतो.

मी पुण्यात एकटा राहतो, काय करू?
गावाकडच्या मित्राला ठरलेल्या वेळी फोन लावा आणि दोघंही बोलत-बोलत चाला. तुम्ही तिकडे, तो इकडे. अर्धा तास कसा गेला कळणार नाही.

मुलींनी ॲप वापरताना काय काळजी घ्यावी?
स्ट्राव्हासारख्या ॲपमध्ये रूट सगळ्यांना दिसू शकतो. प्रोफाइल खासगी करा आणि सुरुवातीची व शेवटची जागा लपवण्याचा पर्याय चालू करा. २०१८ च्या सुरुवातीला याच ॲपच्या नकाशावरून वेगवेगळ्या देशांचे लष्करी तळ उघड झाले होते, मग आपलं घर तर सहज कळेल. लाइव्ह लोकेशन फक्त घरच्या माणसाला, तेही तेवढ्या वेळापुरतं द्या.

ग्रुपमध्ये कोणाला त्रास झाला तर?
छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, श्वास लागणं असं काहीही झालं तर त्याला बसवा आणि लगेच १०८ ला फोन करा. माणूस बेशुद्ध पडला आणि श्वास थांबला, तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, साधारण दोन इंच खोल दाबत राहा, मदत येईपर्यंत. ग्रुपमधल्या किमान दोघांनी हे आधीच शिकून ठेवा.

थोडक्यात

घड्याळाचा सेन्सर तुमचे ठोके मोजेल, फोन पावलं मोजेल, ॲप आठवण देईल. पहाटे अंथरुणातून उठायला मात्र दाराशी कोणीतरी येऊन हाक मारावी लागते. म्हणून हा लेख वाचून झाला की नवीन ॲप शोधत बसू नका. जो मित्र बरेच दिवस दिसला नाही, त्याला फोन करा आणि सांगा: उद्या सकाळी सहा, मैदानावर.